चित्र उरलं, खेळ गेला?

मुलीला चित्रकलेच्या कॉलेजात घातलं, तर तिथे म्हणे व्हिडिओ गेम हा विषय आहे! घरी आम्ही मोबाईल काढून घ्यायचा आणि कॉलेजनं त्याच गोष्टीला गुण द्यायचे, हा काय प्रकार? पालक मंडळींकडून हल्ली हा प्रश्न फार वेळा ऐकू येतो. कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये, आणि राग जास्त असेल तर आपल्याकडच्या रीतीप्रमाणे दोन्ही भाषा एकाच वाक्यात. प्रश्न रास्त आहे. फी त्यांच्या खिशातून जाते. हा विषय मी कलाशाखेच्या मुलांना शिकवते, तेव्हा उत्तर देण्याची जबाबदारीही माझ्याकडेच येते.

पहिल्या तासाला मुलं वह्या घेऊन येतात. काय सुंदर चित्रं असतात त्यांत! पंखांचे घोडे, चिलखत घातलेले योद्धे, धुक्यात बुडालेले किल्ले. हात तयार असतो, रंगांची जाण असते. मग मी एखाद्या राक्षसावर बोट ठेवून विचारते, "हा काय करतो?" उत्तर येतं, "भीती दाखवतो." "ती कशी? खेळणारा पळाला तर हा मागे येतो का? किती वेगानं? दमतो का? याला हरवायचं तर काय करायचं?" वर्ग गप्प होतो. आमचा विषय सुरू होतो तो तिथून. चित्र काय दाखवतं हे या मुलांना चांगलं ठाऊक असतं. नियम काय सांगतो, ते शिकायचं असतं.

इतिहासाची सुरुवात मी १९७२ सालापासून करते. त्या वर्षी अमेरिकेत मॅग्नावॉक्स कंपनीनं 'ओडिसी' नावाचं यंत्र बाजारात आणलं. घरच्या टीव्हीला जोडून खेळायचं हे पहिलं यंत्र. कल्पना राल्फ बेअर या अभियंत्याची. या यंत्राला पडद्यावर पांढरे ठिपके आणि एक रेघ, एवढंच दाखवता येई. रंग नाही, आवाज नाही, गुणसुद्धा मोजता येत नसत. मग मैदान आणायचं कुठून? तर खोक्यात प्लास्टिकचे रंगीत पारदर्शक कागद दिलेले असत. ते टीव्हीच्या काचेवर लावायचे. एक लावला की टेनिसचं मैदान, दुसरा लावला की भुताटकीचं घर. सोबत फासे आणि पत्तेही. यंत्र तेच, ठिपके तेच, पण वरचं चित्र आणि माहितीपुस्तिकेतले नियम बदलले की खेळ बदलला.

वर्गातही आम्ही हेच करून बघतो. दोन ठिपके आणि एक पारदर्शक कागद, एवढ्या भांडवलावर खेळ रचायचा. एका विद्यार्थिनीनं कागदावर आठवडी बाजाराची गल्ली रंगवली. एक ठिपका आई, दुसरा तिचं मूल. दोघांत वीतभरापेक्षा जास्त अंतर पडलं की डाव संपला. वर्गातली वीस वर्षांची दांडगी मुलं तो खेळ श्वास रोखून खेळली. ठिपक्याला ना नाक ना डोळे, तरी तो आई कसा झाला? तिनं केलेल्या एका नियमामुळे झाला.

पुढचा धडा अडचणींचा. १९७८ साली जपानच्या तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' तयार केला. परग्रहावरची फौज रांगेनं खाली सरकत येते आणि खालून गोळ्या झाडून ती अडवायची. यंत्राची ताकद एवढी तोकडी की पडद्यावर शत्रू जास्त असले की ते हळू सरकत. जसजसे ते कमी होत, तसा यंत्रावरचा भार हलका होई आणि उरलेले भराभर धावू लागत. निशिकादोंनी हा प्रकार तसाच राहू दिला. परिणाम असा की शत्रू संपत आले की खेळणाऱ्याच्या छातीत धडधड वाढते. शेवटचा एकटा शत्रू सगळ्यांत अवघड! यंत्राच्या उणिवेतून नाट्य निर्माण झालं.

मारिओची जन्मकथा सांगितली की मुलं हमखास हसतात. १९८१ साली 'डाँकी काँग' या खेळासाठी शिगेरू मियामोतो यांना एक छोटा माणूस काढायचा होता. हे गृहस्थ औद्योगिक डिझाइन शिकून निन्तेन्दो कंपनीत आलेले, म्हणजे आमच्याच जातकुळीतले. चित्र काढायचं ते इन-मीन सोळा-सोळा चौकोनांच्या जाळीत. केस नीट काढता येत नाहीत, म्हणून डोक्यावर टोपी आली. एवढ्याशा जागेत तोंड काढणं कठीण, म्हणून नाकाखाली मिशी. हात हलताना दिसावेत म्हणून वेगळ्या रंगाची दांडगी विजार. जगभरच्या मुलांना ठाऊक असलेला हा चेहरा अडचणींतून वाट काढत घडला आहे.

सोळा चौकोनांची ही शिस्त आपल्या भागातल्या मुलांना समजावून सांगायला फारसा वेळ लागत नाही. त्याचं श्रेय कसुतीला! धारवाडकडच्या कसुतीत कापडावर आधी चित्र काढून घेत नाहीत. धागे मोजायचे आणि टाका घालायचा. गवंती, मुर्गी, नेयगे, मेंथी हे टाके ज्यांच्या घरात आहेत, त्यांना पिक्सेल म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. गोपूर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन, सारं काही मोजलेल्या धाग्यांवर उभं राहतं. माझ्या वर्गात या कामात सर्वांत पटाईत निघतात त्या, ज्यांनी लहानपणी इरकलीवर टाके घालणाऱ्या अज्जीशेजारी बसून धागे मोजलेले असतात.

मग येतात 'पॅकमॅन'मधली चार भुतं. १९८० सालचा नामको कंपनीचा हा खेळ तोरू इवातानी यांनी रचला. चारही भुतांचा आकार अगदी एकसारखा, फरक फक्त रंगाचा. पण लाल भूत सरळ पाठलाग करतं. गुलाबी भूत तुमच्या पुढची जागा हेरून तिथे आडवं येतं. नारिंगी भूत जवळ येतं आणि ऐनवेळी पाठ फिरवतं. चार डाव खेळलात की चौघांचे स्वभाव ओळखीचे होतात, चाळीतल्या शेजाऱ्यांसारखे. चेहऱ्यावर एक रेघही न बदलता चार पात्रं! व्यक्तिचित्रण म्हणजे फक्त चेहरा, ही मुलांची समजूत इथे सुटते.

आणि आता माझा सर्वांत आवडता तास. फुमितो उएदा हे ओसाकाच्या कला विद्यापीठातून १९९३ साली बाहेर पडलेले चित्रकार. त्यांचा 'इको' हा खेळ २००१ साली आला. डोक्याला शिंगं असलेला एक मुलगा, ओसाड किल्ल्यात कोंडलेला. तिथेच एक मुलगी भेटते. दोघांनी मिळून बाहेर पडायचं आहे. पण त्याची भाषा तिला येत नाही, तिची त्याला येत नाही. ती बोलते तेव्हा पडद्यावर उमटणारी अक्षरं खेळणाऱ्यालाही वाचता येत नाहीत. मग करायचं काय? एक बटण दाबून धरायचं. ते दाबलेलं असेपर्यंत मुलानं तिचा हात धरलेला असतो. बोट उचललं की हात सुटतो. आणि हात सुटून ती मागे एकटी राहिली की काळ्या सावल्या येऊन तिला ओढून नेऊ लागतात. या धरलेल्या हाताला ज्याची मदत नाही, असं सगळं उएदांनी खेळातून काढून टाकलं.

हा खेळ दाखवताना मला आपल्या घरांची आठवण येते. सासरची भाषा कन्नड, माहेरची मराठी, लग्नानंतरचे पहिले महिने हावभावांवर निभावलेले, अशा किती सुना आपल्या ओळखीच्या आहेत! शब्द नसतात तेव्हा माणसं हात धरूनच पुढे जातात. ही गोष्ट चित्रात दाखवता येते, कथेत सांगता येते. पण खेळात ती तुमच्या बोटाला करावी लागते. बोट दुखेपर्यंत धरून ठेवावी लागते. ही ताकद दुसऱ्या कुठल्या कलेत नाही, हे एकदा कळलं की मुलं वहीतल्या राक्षसांकडे वेगळ्या नजरेनं बघू लागतात.

अशी आणखीही उदाहरणं आहेत. केइता ताकाहाशी हे शिल्पकला शिकलेले. त्यांच्या २००४ सालच्या 'कातामारी दामासी'त एक चिकट गोळा घरंगळत न्यायचा. आधी टाचण्या चिकटतात, मग पेन्सिली, मग खुर्च्या, पुढे घरंच्या घरं. शिल्पकार मातीचा गोळा वाढवत नेतो तसाच हा प्रकार. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमनं २०१२ साली आपल्या संग्रहात चौदा व्हिडिओ गेम घेतले. त्यांत 'पॅकमॅन'बरोबर हा खेळही आहे. तिथे ते भिंतीवर टांगून भागत नाही. खेळ चालता ठेवावा लागतो, नाहीतर संग्रहात खोकंच राहील.

हे सगळं परदेशातलं झालं. पण चित्र आणि नियम यांची फारकत झाली की काय होतं, हे बघायला लांब जायला नको. आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी. तिथली दशावतारी गंजिफा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. गोल पानं, लाखेची झळाळी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पानं, एकूण एकशे वीस. मैसूरकडेही गंजिफाची मोठी परंपरा आहे. मुम्मडी कृष्णराज वडेयर यांनी तर १९व्या शतकात नवनवे संच रचले. सावंतवाडीची ही कला विस्मृतीत चालली होती. तिथल्या राजघराण्यानं पुढाकार घेऊन १९७०च्या दशकात ती सावरली, ही फार मोठी गोष्ट. आज लोक ती पानं हौसेनं विकत घेतात आणि चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावतात.

पण मंडळी, ती खेळतं कोण? पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या पाचांत नेमकं उलट, हा गंजिफाचा नियम वर्गात सांगितला तेव्हा एकालाही तो ठाऊक नव्हता. त्यात सावंतवाडीजवळची मुलंही होती. पानावरची फुलं त्यांनी डोळे मिटून काढली असती! चित्र उरलं आणि खेळ गेला, तो असा. चित्राला राजाश्रय मिळाला, गिऱ्हाईक मिळालं. नियमांना कोण मिळणार? ते लोकांच्या डोक्यात असतात आणि डोक्यांबरोबर जातात.

म्हणून आमच्या वर्गाचा सर्वांत मोठा स्वाध्याय संगणकावर नसतो. घरातला एक जुना खेळ आणायचा, त्याचे नियम कागदावर लिहायचे, तो कागद दुसऱ्या गटाला द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. लिहिणाऱ्यानं एक शब्दही समजावून सांगायचा नाही. खेळणारे जिथे अडतील तिथे कागदात खोट आहे, असं समजायचं. मोठमोठ्या कंपन्यांतही खेळाची परीक्षा अशीच होते. बनवणारा मागे उभा राहून खेळणाऱ्याचे हात बघतो.

एका वर्षी दोन मुलींनी पाच-पाच घरांचा, चार कवड्यांचा पट आणला. एकीच्या घरी त्याला चौकाबारा म्हणत, दुसरीच्या घरी नुसताच पट. चारही कवड्या उताण्या पडल्या की चार, सगळ्या पालथ्या पडल्या की आठ, इथवर एकमत. पुढे मात्र कडाक्याचं भांडण! एकीच्या अज्जीचा नियम असा की दुसऱ्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जायचंच नाही. दुसरीच्या घरी ही अट नव्हती. मग वर्गानं दोन्ही तऱ्हेनं डाव मांडले. अट काढली तेव्हा जो तो आपापल्या वाटेनं निमूट घरी गेला. अट घातली तेव्हा आरडाओरडा, विनवण्या, सूड, समेट, सगळं झालं. एका ओळीच्या नियमानं चार माणसांना एकमेकांकडे बघायला लावलं. पटावर चित्र म्हणाल तर खडूच्या चार रेघा आणि थोड्या फुल्या! माझ्या दहा व्याख्यानांनी जे साधलं नसतं, ते त्या अज्जीच्या अटीनं साधलं.

आता पालकांच्या मूळ काळजीकडे येते, कारण ती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत जागा दिली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी अनेक घरं पोळली आणि अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्स आणि साध्या सामाजिक खेळांना मात्र प्रोत्साहन देऊ केलं आहे, हेही लक्षात ठेवावं. वर्गात आम्ही हेही उलगडतो. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की बोट थांबत नाही. रोज हजेरी लावली नाही तर काही हातचं जाईल, अशी धास्ती घातली की मूल जेवता जेवता मोबाईल उघडतं. हेही नियमच आहेत आणि ते कुणीतरी विचारपूर्वक लिहिलेले आहेत. फास कसा विणतात हे ज्याला कळलं, त्याला तो लांबूनही दिसतो. माझे काही विद्यार्थी आता घरी धाकट्या भावंडांना तो दाखवून देतात. नुसत्या ओरडण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो, असं त्यांचे आईवडीलच सांगतात.

दुसरी काळजी पोटापाण्याची. बेंगळुरूत १९९७ साली राजेश राव यांनी 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह' ही कंपनी काढली. परदेशी खेळांसाठी मोटारी, इमारती, पात्रं असं चित्रकाम तिथे होई. आपल्याकडच्या कितीतरी कुशल हातांना त्या कामानं ओळख दिली. २०१९ साली रॉकस्टार या परदेशी कंपनीनं ती विकत घेतली. हे काम प्रामाणिक आहे, कमी लेखण्याचं कारण नाही. पण त्यात खेळ दुसऱ्याचा असतो. मोटार आपण रंगवायची, ती कुठे आणि कशासाठी धावणार हे ठरवणारा साता समुद्रापलीकडे. त्यात आता वर्णन सांगताच चित्र काढून देणारी यंत्रं आली आहेत. नुसत्या चित्रावर पोट भरणाऱ्यापुढे ही खरी चिंता आहे आणि ती मी मुलांपासून लपवत नाही.

म्हणूनच ज्याला चित्रही येतं आणि नियमही लिहिता येतो, त्याचं पारडं जड राहील. पुण्याच्या एका छोट्या चमूनं २०२० साली 'राजी' हा खेळ जगापुढे आणला. भावाला शोधत निघालेली डोंबाऱ्याची मुलगी आणि पहाडी चित्रशैलीच्या वळणानं रंगवलेलं जग. २०२३ साली कॅनडातून 'वेण्बा' आला. परदेशी गेलेली एक तमिळ आई, तिच्या आईची फाटकी पाककृतींची वही आणि हळूहळू तमिळ विसरत चाललेला मुलगा. वहीतल्या पुसलेल्या ओळी ओळखून खेळणाऱ्यानं इडली वाफवायची. स्वयंपाकघर आणि मातृभाषा हा खेळाचा विषय होऊ शकतो, हे आधी कुणी सांगितलं असतं तर आपण हसलो असतो! कर्नाटक सरकारनं अ‍ॅनिमेशन आणि गेमिंगसाठी धोरण आखलं ते २०१२ सालीच. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बेंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. वाट आहे, आणि ती फार लांबची नाही.

कन्नडमध्ये खेळाला 'आट' म्हणतात आणि रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याला 'बयलाट'. मराठीतही सोंगट्यांचा खेळ असतो, तसा तमाशाचा आणि सिनेमाचाही खेळच असतो. कला आणि खेळ यांच्यात आपल्या दोन्ही भाषांनी मुळात भिंत घातलीच नव्हती. ती आपणच मधल्या काळात घातली.

तेव्हा पालकहो, तुमच्या मुलीनं हा विषय घेतला असेल तर तिला गुण किती मिळाले हे जरूर विचारा, पण त्याआधी एक विचारा, "तुझ्या खेळाचा नियम काय?" तिला तो चार वाक्यांत सांगता आला तर फी वाया गेलेली नाही, असं खुशाल समजा. आणि घरात अज्जी-आजोबा असतील तर येत्या सुट्टीत त्यांना जमिनीवर पट आखायला सांगा. नियम लिहून घ्या, जमलं तर मराठीत आणि कन्नडमध्येही. दोन्हींत फरक निघेल, वादही होतील. होऊ द्यात. त्या वादातच तो खेळ अजून जिवंत आहे.